डम्पिंगच्या वासाने आजार होतो का?

प्रश्न मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घर सातव्या मजल्यावर, खिडक्या खाडीच्या बाजूला. रात्री अकराच्या पुढे कांजूरमार्गच्या डम्पिंगचा, म्हणजे शहराचा कचरा टाकतात त्या जागेचा, सडका वास येऊ लागतो, पहाटे असह्य होतो आणि सकाळी दहापर्यंत नाहीसा होतो. सहा वर्षांच्या मुलाला दमा आहे, तो वाढलाय, ‘पंप देतो’ असं त्या लिहितात. सासूबाईंना मळमळतं, ताईंचं स्वतःचं डोकं दुखतं. एका डॉक्टरांनी ‘वासाने काही होत नाही, मनाचं आहे’ असं सांगून परत पाठवलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ‘दहा वर्षांत घरटी कॅन्सर’ असं फिरतंय. खरं कोणाचं?

ताई, दोघांचंही नाही. मी तीस वर्षं पूर्व उपनगरांत छातीचे रोगी तपासतोय. देवनार, मुलुंड आणि कांजूर, या तिन्ही डम्पिंगच्या आसपासची माणसं माझ्याकडे येतात. तुमच्या घरातल्या तिघांना होणारा त्रास शरीराचा आहे, खरा आहे, आणि त्यावर इलाज करायला हवा. पण नाकाला जेवढी घाण जाणवते तेवढं विष अंगात जातं, हेही खरं नाही. या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवल्या तरच पुढचं नीट समजेल.

आधी वास कशाचा येतो ते बघू. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक ओला कचरा असतो. तो ढिगाखाली दबला, हवा मिळेनाशी झाली, की हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात. त्यातून निघणाऱ्या वायूत जवळजवळ सगळा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असतो आणि या दोघांनाही वास नाही. वास येतो तो उरलेल्या एक टक्क्याहूनही कमी भागाचा. सडक्या अंड्यासारखा तो हायड्रोजन सल्फाइड. नासलेल्या कोबीसारखे ते मरकॅप्टन. खवट तुपासारखा दर्प ब्युटिरिक आम्लाचा, आणि डोळ्यांत झोंबतो तो अमोनिया. इमारतींच्या तोडफोडीतलं पीओपी आणि जिप्समच्या पाट्या ओल्या कचऱ्यात मिसळल्या तर हायड्रोजन सल्फाइड आणखी वाढतो, कारण जिप्सममधलं सल्फेट त्या जिवाणूंना आयतंच मिळतं. कांजूरला बायोरिॲक्टर पद्धत आहे. तिच्यात कचरा मुद्दाम ओला ठेवून लवकर कुजवतात आणि निघणारा वायू नळ्यांनी गोळा करतात. वायू गोळा होण्यात किंवा वरचं आच्छादन घालण्यात ढिलाई झाली, की तो सगळा बाहेर पडणार.

आता नाकाचं बघा. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात, तेही अगदी किंचित. कारण माणसाचं नाक गंधकाच्या संयुगांना विलक्षण तिखट असतं. हायड्रोजन सल्फाइड काही जणांना हवेच्या एक अब्ज भागांत अर्धा भाग असला तरी कळतो, काहींना तीनशे भागांपर्यंत कळत नाही. कारखान्यांत कामगाराचा जीव तात्काळ धोक्यात आहे असं मानतात ती पातळी दहा लाखांत १०० भाग, म्हणजे अब्जात एक लाख. वस्तीत येणारा वास आणि ही पातळी यांत फार मोठं अंतर आहे. त्यामुळे वास आला म्हणजे विषबाधा झाली, असं धरून रात्रभर जागू नका.

पण ‘पातळी कमी आहे, म्हणजे त्रास नाही’ हे वाक्यही मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हायड्रोजन सल्फाइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या आहेत. विषारी परिणाम टाळण्यासाठी २४ तासांची सरासरी घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम, आणि वासाचा उपद्रव टाळण्यासाठी अर्ध्या तासाची सरासरी ७ मायक्रोग्रॅम. वास हा स्वतःच उपद्रव आहे आणि त्याला वेगळी, वीसपट कडक मर्यादा हवी, हे त्यात मान्य केलेलं आहे. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा प्रदूषकं आहेत. त्यांत अमोनिया आहे, बेन्झीन आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. एका बैठकीत मी स्वतः ऐकलंय, ‘त्या रात्री एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) समाधानकारक होता, मग तक्रार कसली?’ एक्यूआयच्या गणितात हा वायू येतच नाही. तुमचं नाक खोटं बोलत नव्हतं. ते यंत्र दुसरंच काहीतरी मोजत होतं.

रात्रीच का, हेही समजून घ्या, कारण खिडकीचा निर्णय त्यावर आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो, तो डम्पिंगचा वास खाडीकडे नेतो. रात्री जमीन निवते, वारा उलटतो, मंद होतो आणि पूर्वेकडून, ईशान्येकडून तुमच्या खिडक्यांवर येतो. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, जणू झाकण बसतं. वायू वर न चढता खालीच तरंगत पसरतो. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण उघडतं. तुमचं ‘दहापर्यंत नाहीसा’ हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. हवेचा दाब एकदम उतरला की ढिगातून वायू जास्त सुटतो, म्हणून पाऊस येण्याआधीची रात्र कधीकधी सगळ्यात वाईट जाते.

आता मुलाकडे येतो, कारण तिघांत मला काळजी त्याची आहे.

दम्याच्या मुलाची श्वासनलिका आधीच सुजलेली आणि चिडखोर असते. झोंबणारे वायू नाक-घशातल्या संवेदक मज्जातंतूंना डिवचतात, खोकल्याची उबळ येते, नळ्या आकसतात. हा एक मार्ग. दुसरा मार्ग मला स्वतःला चकित करून गेला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दम्याच्या रुग्णांना एकच निरुपद्रवी, गुलाबासारखा वास दिला. काहींना सांगितलं की हा वास दम्याला घातक ठरू शकतो, काहींना सांगितलं की औषधी आहे. घातक म्हणून सांगितलेल्यांच्या श्वासनलिकेतली सूज तपासणीत वाढलेली दिसली आणि दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती. प्रयोग लहान होता, पण त्याचा अर्थ नीट घ्या. भीतीने वाढलेली सूज ही खरीच सूज असते. ‘मनाचं आहे’ म्हणून रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर इथेच चुकतो. आणि मुलासमोर रोज रात्री ‘आला बघ विषारी वास’ म्हणणारे आपण मोठेही चुकतो. त्याच्यासमोर शांतपणे खिडकी लावा, पंप द्या, गोष्ट सांगा.

इटलीत रोमभोवतीच्या लात्सियो प्रांतात नऊ कचराभूमींपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या २,४२,४०९ माणसांचा १९९६ ते २००८ असा मागोवा घेतला गेला. कचराभूमीच्या हवेची खूण म्हणून हायड्रोजन सल्फाइड धरला होता. जिथे तो जास्त, तिथे श्वसनाच्या आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण जास्त निघालं, मुलांत ते विशेष दिसलं. वाढ प्रचंड नव्हती, पण होती. म्हणून तुमच्या मुलाचा दमा वाढण्याशी वासाचा संबंध असू शकतो, हे मी जबाबदारीने म्हणतो.

तरीही सगळा दोष डम्पिंगवर टाकायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, दमा मुळातच पहाटे तीन-चारच्या सुमाराला बळावतो, वास असो वा नसो. त्यामुळे ‘रात्री धाप लागते, दिवसा बरा असतो’ एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वासाच्या रात्रीनंतरची सकाळ आणि बिनवासाच्या रात्रीनंतरची सकाळ, यांची तुलना करायला हवी. केमिस्टकडे फुंकेचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर मिळतो. सहा वर्षांचं मूल थोड्या सरावाने त्यात फुंकू शकतं. रोज सकाळी उठल्यावर तीन फुंका, त्यांतला मोठा आकडा वहीत. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसू लागतं.

दुसरी गोष्ट घरातली आहे आणि ती मी फार वेळा पाहिली आहे. एक आजी नातवाला घेऊन यायच्या. घरात वास शिरतो म्हणून रात्री खिडक्या बंद, आणि आत धूप, कापूर, अगरबत्ती, वर डासांची कॉइल. पोराची छाती शिट्टीसारखी वाजायची. धूप आणि कॉइल बंद करायला सांगितलं, दुसरं काहीही बदललं नाही, पोर महिन्याभरात झोपू लागलं. वास झाकायला धूर करणं म्हणजे घरातच छोटं डम्पिंग पेटवणं. सुगंधी फवारेही नकोत. तुमच्याकडे यातलं काही चालू असेल तर आजपासून बंद करा.

आणि औषध. ‘पंप देतो’ म्हणजे कोणता पंप, हे मला कळलेलं नाही. पुष्कळ घरांत फक्त निळा, तात्पुरत्या आरामाचा सल्ब्युटामॉलचा पंप असतो. सूज कमी करणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप ‘सवय लागेल’ या भीतीने दिलाच जात नाही, किंवा मूल बरं दिसलं की बंद केला जातो. सवय लागत नाही. श्वासातून घेतलेलं औषध पोटातून दिलेल्या स्टेरॉइडच्या मानाने फारच थोडं असतं. मुलाला आठवड्यात दोनदाहून अधिक वेळा निळा पंप लागत असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजा आणि डॉक्टरांकडून रोजचं औषध ठरवून घ्या. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी, लावल्याशिवाय लहान मुलाला पंप देऊ नये. औषध छातीत न जाता घशातच बसतं. दमा ताब्यात असलेलं मूल वासाच्या रात्रीही बरंच तगतं. कचऱ्याचा ढीग तुमच्या हातात नाही, ही गोष्ट हातात आहे.

सासूबाईंच्या मळमळीचं कारण सरळ आहे. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांकडे थेट जाते. कुजका वास आला की पोट ढवळणं ही नासकं अन्न टाळण्यासाठी शरीराला मिळालेली फार जुनी शिकवण आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एका कचराभूमीशेजारच्या २३ प्रौढांनी रोजच्या रोज वही लिहिली होती. वास जास्त त्या वेळी डोळे-नाक-घशाची जळजळ जास्त, मन खिन्न, ठरलेली कामं रद्द, असंच त्यात निघालं. पण वयस्कर बाईची मळमळ सगळीच वासावर ढकलू नका. साखर, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या एकदा बघून घ्या. मधुमेहाच्या बाईला घाम सुटून मळमळलं तर ईसीजी काढायला उशीर नको. एका म्हाताऱ्या बाईंचा हृदयविकाराचा झटका घरच्यांनी आठ तास ‘डम्पिंगचा वास लागला’ म्हणून काढला होता. त्या वाचल्या, पण ते आठ तास मी विसरलेलो नाही.

तुमची डोकेदुखी बहुधा अर्धशिशीच्या जातीची असेल. उग्र वास हे अर्धशिशीचं ओळखीचं निमित्त आहे, आणि त्यात अपुरी झोप. झोपेबद्दल एक सांगतो: गाढ झोपेतल्या माणसाला नुसता वास सहसा जागं करत नाही. जाग आणतात ती घशाची जळजळ, बंद खोलीतला उकाडा आणि ‘आता येईल’ ही धास्ती. म्हणजे उकाड्यावर उपाय केला तर निम्मी झोप परत मिळू शकते.

खिडक्यांचं असं करा. रात्री दहाच्या सुमाराला, वास यायच्या आधी, खाडीकडच्या खिडक्या लावा, फटींना रबरी पट्टी लावा. सकाळी वास ओसरला की सगळं घर सताड उघडा आणि संध्याकाळपर्यंत उघडं ठेवा. दिवसरात्र बंद घर हा वासापेक्षा मोठा धोका आहे. ओल, बुरशी, झुरळं वाढतात, आणि घरात कोणाला क्षयरोग असेल तर तो बंद खोलीत पटकन पसरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्याचा बेडका तपासा, वासाचा खोकला म्हणून सोडू नका. एअर प्युरिफायर घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: हेपा गाळणी धूळ अडवते, वायू अडवत नाही. वासासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो आणि तो काही महिन्यांत भरून निकामी होतो. साध्या एन-९५ मास्कने वास थांबत नाही.

आता कॅन्सर. लात्सियोच्या त्याच अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाणही जास्त वायूच्या भागात वाढलेलं दिसलं. मात्र तिथे प्रत्येक माणसाच्या विडी-सिगारेटची नोंद नव्हती, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात तीच सगळ्यात मोठी गोष्ट. कचराभूमीच्या वायूत बेन्झीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं अल्प प्रमाणात असतात, हेही खरं. या सगळ्यातून शंका घ्यायला जागा आहे, पण ‘घरटी कॅन्सर’ म्हणायला नाही. गरोदर बायका मला हटकून विचारतात, म्हणून तेही सांगतो. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कचराभूमीपासून दोन किलोमीटरच्या आत जन्मलेल्या मुलांत कमी वजनाचं प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी आणि जन्मजात व्यंगांचं सुमारे एक टक्क्याने जास्त आढळलं. म्हणजे शंभरांत पाच मुलं असा अर्थ नाही. आधी जेवढं प्रमाण होतं, त्यात तेवढी भर. तीही कचऱ्यामुळेच, असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. घाबरून छातीचे सीटी स्कॅन काढत बसू नका. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती थांबवणं हा कॅन्सरविरुद्धचा फार मोठा उपाय आहे.

वास आणि धूर यांत मात्र गल्लत करू नका. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनार पेटलं, धुराचा लोट उपग्रहाच्या चित्रांतही दिसला, आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो वासाचा प्रश्न नव्हता. प्लास्टिक, रबर, कपडे जळताना सूक्ष्म कण आणि डायॉक्सिनसारखी द्रव्यं निघतात. जळका वास आला, डोळे चुरचुरू लागले, धुकं पिवळट दिसलं, तर मुलाला काही दिवसांसाठी नातेवाइकांकडे न्या. तिथे थांबून सहन करणं शहाणपणाचं नाही.

आणि ज्यांचं नाव या चर्चेत निघत नाही त्यांचं सांगायलाच हवं. देवनारवर पंचवीस वर्षं कचरा वेचलेल्या एका काकांना मी वासाबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘वास? कसला वास?’ नाक बधिर होतं, पण फुप्फुसाला इजा होतच राहते. त्यांची फुंक निम्म्यावर आली होती. तुम्ही सातव्या मजल्यावरून जे हुंगता त्याच्या कितीतरी पट ही माणसं रोज छातीत घेतात. सोसायटीने पत्र लिहिताना त्यांच्या मास्क, हातमोजे आणि तपासणीची एक ओळ घातली तर मला फार बरं वाटेल.

पत्राचं आता. ‘घाण वास येतो’ एवढ्या तक्रारीला ‘पाहणी केली, वास आढळला नाही’ असं उत्तर येतं, कारण पाहणी दुपारी होते, खारे वारे वाहत असताना. म्हणून दहा-बारा घरांनी महिनाभर वही ठेवा: तारीख, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, कसला वास (अंडं, कोबी, आंबट, जळका), शून्य ते पाचमध्ये तीव्रता, घरात कोणाला काय झालं. वास नव्हता त्या रात्रीही ‘नाही’ असं लिहा. त्या नोंदींशिवाय वहीला वजन येत नाही. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महापालिकेकडे नेमकं मागा: रात्री अकरा ते सकाळी सात हायड्रोजन सल्फाइडचं अखंड मापन, वस्तीच्या बाजूला, आणि आकडे सर्वांना खुले. घनकचरा नियम २०१६ मध्ये कचराभूमीवर दिवसाचं काम संपताना किमान १० सेंटिमीटर माती किंवा राडारोड्याचा थर घालायला सांगितलं होतं. पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटरचं जाड आच्छादनही सांगितलं होतं. हे थर कोणत्या तारखांना पडले याची नोंद मागा. वास कमी करण्याचा सगळ्यात खात्रीचा आणि स्वस्त उपाय तोच आहे.

मुलाला घेऊन याल तेव्हा फुंकांची वही, घरात असतील ते पंप आणि स्पेसर सोबत आणा. तो पंप कसा घेतो ते मला डोळ्यांनी बघायचंय. तोवर, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, बोलताना वाक्य तुटू लागलं, ओठ निळसर झाले, किंवा निळ्या पंपाने वीस मिनिटांत आराम पडला नाही, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, पंप देत देत थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.